मंदावलेली डिस्क : दोष कुणाचा?

शाळेच्या संगणक कक्षात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक हमखास असतो. त्यावर कुणी तरी उत्साहाने लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवलेली असते. प्रोसेसर ठीक, मेमरीही वाढवलेली. तरीही ७०० मेगाबाइटची एक फाइल डिस्कवरून वाचून काढायला चार मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ पडद्यावरचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. त्याच जातीची डिस्क दुसऱ्या संगणकात हेच काम पंधरा सेकंदांत करते. यावर नेहमीचा निकाल असा की, 'संगणक आता म्हातारा झाला.'

हा निकाल तपासून पाहण्यासारखा आहे. माणसाचे पाय वयाने मंदावतात, पण सिलिकॉनच्या चिपचे तसे नसते. तिला ठोके देणारे स्फटिकाचे घड्याळ वीस वर्षांनंतरही जवळजवळ तेवढेच ठोके देते. डिस्कची तबकडीही मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल तर तेवढेच घेते. ती हळू फिरू लागली तर डिस्क मंद होत नाही, बंदच पडते. मग वेग पंधरा पटींनी घटतो तो कशामुळे? आमच्या अनुभवात याचे उत्तर बहुतेक वेळा असे निघते की, संगणकातल्या कोणत्या तरी घटकाने तसा निर्णय घेतलेला असतो. आणि तो निर्णय बहुधा आपली माहिती सुरक्षित राहावी म्हणूनच घेतलेला असतो. म्हणून नुसता वेग वाढवण्याच्या मागे लागण्याआधी तो कुणी आणि का कमी केला, हे शोधणे आवश्यक ठरते.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. डिस्क आणि मेमरी यांच्यामध्ये एक नियंत्रक असतो. जुन्या संगणकांत तो आयडीई किंवा एटीए या नावाच्या पद्धतीने चालतो. रुंद, चपटी, राखी रंगाची पट्टीसारखी केबल ही त्याची खूण. या केबलमधून एका वेळी १६ बिट, म्हणजे २ बाइट जातात. हा माल मेमरीपर्यंत पोचवण्याच्या दोन रीती आहेत.

शाळेत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आले आहेत अशी कल्पना करा. पहिल्या रीतीत मुख्याध्यापक स्वतः फाटकापाशी जातात, दोन पुस्तके उचलतात, कपाटात ठेवतात आणि पुन्हा फाटकाकडे वळतात. तोवर कार्यालयातली सगळी कामे खोळंबतात. या रीतीला पीआयओ म्हणतात. तिच्यात प्रोसेसर स्वतः दोन-दोन बाइट वाहतो. दुसऱ्या रीतीत मुख्याध्यापक शिपायाला चिठ्ठी देतात, 'इतके गठ्ठे अमुक कपाटात लावा आणि झाले की सांगा', आणि आपल्या कामाला लागतात. ही डीएमए रीत. तिच्यात नियंत्रक प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत माल उतरवतो.

आकडे पाहिले म्हणजे फरक नीट कळतो. पीआयओचा सर्वांत मंद प्रकार २ बाइटांना ६०० नॅनोसेकंद घेतो. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ३.३ मेगाबाइट येतात. सर्वांत जलद प्रकार १२० नॅनोसेकंद घेतो, म्हणजे १६.७ मेगाबाइट. पण हा झाला कागदावरचा वेग. डिस्कवरील माहिती ५१२ बाइटांच्या खणांत असते आणि साध्या पीआयओमध्ये प्रत्येक खण तयार झाला की डिस्क प्रोसेसरला हाक मारते. सेकंदाला ३.५ मेगाबाइट हवे असतील, तर अशा हाका सेकंदाला जवळजवळ ७००० होतात. प्रत्येक हाकेसरशी प्रोसेसरला हातातले काम ठेवून धावावे लागते. बाण अडखळतो तो यामुळेच. डीएमएच्या नंतर आलेल्या अल्ट्रा डीएमए या रूपात घड्याळाच्या ठोक्याच्या चढावर आणि उतारावर, अशी दोन्ही वेळा माहिती पाठवतात. त्याचे प्रकार सेकंदाला १६.७ मेगाबाइटपासून ३३, ६६, १०० आणि शेवटी १३३ मेगाबाइटपर्यंत गेले.

आता मापनाकडे वळू. लिनक्समध्ये एचडीपार्म नावाची छोटी आज्ञावली आहे. तिला इंग्रजी 'टी' हे लहान अक्षर जोडले की ती डिस्कवरून काही सेकंद सलग वाचते आणि वेग सांगते. मोठे 'टी' जोडले तर डिस्क बाजूला राहते आणि फक्त मेमरीचा वेग मोजला जातो. दोन्ही मापने घ्यावीत. दुसरा आकडा शेकड्यांत आणि पहिला ३ च्या आसपास असेल, तर प्रोसेसर आणि मेमरी निर्दोष ठरतात आणि संशयाचे वर्तुळ लहान होते. एकच फाइल दोनदा उतरवून 'दुसऱ्यांदा जलद झाले' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्यांदा ती फाइल मेमरीतूनच आलेली असते, डिस्कला कुणी विचारलेलेही नसते. विज्ञानाच्या तासाला नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे समजावताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

मापन चालू असताना दुसऱ्या खिडकीत टॉप ही आज्ञा चालवावी. प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते ती टक्क्यांत दाखवते. 'डब्ल्यूए' हा आकडा मोठा असेल, तर प्रोसेसर रिकामा असून डिस्कची वाट पाहतो आहे. 'एसवाय' किंवा 'एचआय' मोठा असेल, तर तो स्वतः काही तरी वाहतो आहे. डिस्क मंद आणि प्रोसेसर घामाघूम, असे दिसले की मुख्याध्यापक फाटकावर आहेत हे ओळखावे.

ते तिथे का गेले, याचे उत्तर बहुधा कर्नलच्या नोंदवहीत मिळते. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. संगणक सुरू झाल्यापासून आपण काय पाहिले आणि काय ठरवले ते तो लिहीत असतो आणि डीमेसेज या आज्ञेने ती नोंद वाचता येते. डिस्क कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे आणि तिला कोणता वेग ठरवून दिला आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. पुष्कळदा असे आढळते की, नियंत्रकाच्या चिपसाठी लिहिलेला खास ड्रायव्हर चढलेलाच नाही आणि 'जेनेरिक' नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर काम पाहतो आहे. तो कोणत्याही चिपशी बोलू शकतो, पण सगळ्यांना समजेल तेवढेच बोलतो. चिपच्या वेळा कशा लावायच्या हे त्याला माहीत नसते. त्यामुळे संगणक सुरू करणाऱ्या बायॉसने लावून दिलेल्या वेगावरच तो समाधान मानतो, आणि तो वेग कधी कधी पीआयओचाच असतो. खास ड्रायव्हर चढवला की काम होते. काही संगणकांत बायॉसमध्ये नियंत्रक 'कम्पॅटिबल' या जुन्या पद्धतीवर ठेवलेला असतो, तो 'नेटिव्ह' वर आणावा लागतो. या दोषात जास्त सांगण्यासारखे काही नाही.

खरी मौज, आणि खरा धोका, केबलमध्ये आहे. जुन्या केबलमध्ये ४० तारा शेजारी-शेजारी असतात. तारेतल्या विद्युतदाबात झटपट बदल झाला की शेजारच्या तारेत त्याचा हलकासा पडसाद उमटतो. बदल जितके जलद तितका पडसाद मोठा. दोन वर्गांमध्ये भिंत नसेल तर एका वर्गातले पाढे दुसऱ्या वर्गाच्या कवितेत मिसळतात, तसे हे होते. सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत हे चालून गेले. त्याहून जलद प्रकारांसाठी ८० तारांची केबल आली. तिच्या टोकांना खाचा ४०च राहिल्या. वाढलेल्या ४० तारा कोणताही संदेश नेत नाहीत. त्या प्रत्येक दोन संदेशतारांच्या मध्ये जमिनीला जोडून ठेवलेल्या असतात आणि भिंतीचे काम करतात. या केबलचे निळे टोक संगणकाच्या मुख्य फलकात जाते, काळे पहिल्या डिस्कला आणि मधले राखी दुसऱ्या डिस्कला. लांबी सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी.

केबल कोणती आहे हे नियंत्रकाला कळावे म्हणून निळ्या टोकातली ३४ वी खाच तारेला न जोडता थेट जमिनीला जोडलेली असते. तिच्यावर दाब नाही असे दिसले की केबल ८० तारांची आहे असे नियंत्रक समजतो. केबल उलटी लावली तर ही खूण चुकीच्या जागी जाते. मग ८० तारांची उत्तम केबल असूनही कर्नल नोंद करतो की, केबल ४० तारांची असल्याने वेग ३३ वर मर्यादित केला आहे. कुणी केबल सोडवून पुन्हा लावली आणि त्या दिवसापासून संगणक मंदावला, अशी तक्रार आली तर आधी रंग पाहावेत.

पडसादामुळे एखादा बिट बदललाच, तर तो पकडायचा कसा? इथे आपल्या जुन्या अंकगणिताची आठवण होते. मोठा गुणाकार बरोबर आहे का हे पाहण्यासाठी नवाचा ताळा घेतात. संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी तेवढी पाहायची. पूर्ण गुणाकार पुन्हा करायचा नाही. अल्ट्रा डीएमएमध्ये हेच केले जाते आणि त्या ताळ्याला सीआरसी म्हणतात. पाठवलेल्या सगळ्या बिटांची मिळून एक प्रचंड संख्या मानायची, तिला एका ठरलेल्या भाजकाने भागायचे आणि १६ बिटांची बाकी काढायची. हा भागाकार नेहमीचा नसून हातचे न घेता करायचा असतो, एवढाच फरक. नियंत्रक आपल्या बाजूने बाकी काढतो आणि डिस्क आपल्या बाजूने. प्रत्येक खेपेच्या शेवटी नियंत्रक आपली बाकी डिस्कला कळवतो. डिस्क ताडून पाहते, आणि जुळली नाही तर चूक कळवते. मग ते काम पुन्हा करून घेतले जाते.

नवाच्या ताळ्यातली उणीव वाचकांना माहीत आहेच. ५७ चे ७५ झाले तरी ताळा जुळतो, कारण अंकाची जागा त्याला कळत नाही. सीआरसीमध्ये जागेलाही महत्त्व असल्यामुळे अशी अदलाबदल सुटत नाही. शिवाय १६ बिटांच्या बाकीला ६५,५३६ किमती शक्य असतात. त्यामुळे वाटेल तशी विसकटलेली माहिती योगायोगाने खरी ठरण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक एवढीच राहते. नवाच्या ताळ्यात ती नवात एक असते.

ताळा वारंवार चुकू लागला की कर्नल वेग पायरीपायरीने खाली आणतो आणि तसे नोंदवतो. १०० वरून ३३ वर, आणि तिथेही भागले नाही तर शेवटी पीआयओवर. नोंद वाचणाऱ्याला हा सगळा उतार दिसतो. न वाचणाऱ्याला फक्त मंद संगणक दिसतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. या चपट्या केबलच्या पद्धतीत सीआरसी फक्त अल्ट्रा डीएमएमध्ये आहे. पीआयओमध्ये ताळाच नाही. म्हणजे खराब केबलवर कर्नल शेवटी पीआयओला उतरला, की चुकांच्या नोंदी एकाएकी थांबतात आणि 'चला, मंद का होईना, पण दोष गेला' असे वाटू लागते. वेग कमी असल्याने पडसाद कमी होतात हे खरे आणि बहुतेक वेळा माहिती बरोबरही येते. पण एखादे टोक सैल असेल किंवा तार अर्धवट तुटली असेल, तर चूक होतच राहते. ती मोजणारे मात्र कुणी उरत नाही. परीक्षक रजेवर गेले म्हणून सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले, असा तो प्रकार. पीआयओवर उतरलेल्या संगणकात मुलांचे निकाल किंवा प्रयोगाच्या नोंदी साठवत राहणे आम्हाला म्हणूनच शहाणपणाचे वाटत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. जुन्या कर्नलमध्ये एचडीपार्मच्या एका आज्ञेने डीएमए सक्तीने चालू करता येत असे आणि आणखी एका आज्ञेने वेगाचा प्रकारही लादता येत असे. या दुसऱ्या आज्ञेबद्दल एचडीपार्मच्या माहितीपुस्तिकेतच धोक्याची सूचना आहे. २००६ च्या सुमारास या डिस्कसाठी कर्नलमध्ये नवी ड्रायव्हरमालिका आली आणि २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीतून जुनी काढून टाकण्यात आली. नव्या मालिकेत डिस्कचा डीएमए असा हातोहात बदलता येत नाही. कर्नल सुरू होतानाच तसे सांगावे लागते. ही अडचण काहींना जाचते. आमच्या मते ती योग्य आहे.

कारण मंद ठेवण्यामागे काही वेळा फारच सबळ कारण असते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आरझेड१००० आणि सीएमडी६४० या नावांचे दोन नियंत्रक पुष्कळ संगणकांत होते. प्रोसेसरने मागण्याआधीच पुढची माहिती आणून ठेवण्याची त्यांची सोय सदोष होती. मध्येच दुसरे काही काम आले तर माहिती बिघडत असे, आणि तीही कोणतीही सूचना न देता. सीएमडी६४० ला तर आपल्या दोन मार्गांवरची कामे एकाच वेळी झेपत नसत. लिनक्सच्या ड्रायव्हरने या चिप ओळखून ती सोय बंद केली आणि कामे एकामागून एक करायला लावली. वेग घटला, माहिती वाचली. ड्रायव्हरची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्याने हे कारण तिथेच लिहिलेले वाचता येते. बंदिस्त प्रणालीत 'असे का?' या प्रश्नाला दार नसते.

आणखी एक प्रकार आम्हाला आमच्याच प्रयोगशाळेत पाहायला मिळाला. एका जुन्या मापनयंत्राला जोडलेल्या संगणकाची डिस्क संपली. यंत्राचे कार्ड नव्या संगणकात बसत नसल्याने संगणक बदलणे शक्य नव्हते. म्हणून डिस्कच्या जागी कॅमेऱ्यात वापरतात तसे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका स्वस्त जोडणीतून बसवले. संगणक सुरू व्हायला कित्येक मिनिटे घेऊ लागला. नोंदवहीत दर तीस सेकंदांनी 'उत्तर आले नाही, पुन्हा प्रयत्न' अशा अर्थाच्या ओळी दिसल्या आणि शेवटी पीआयओ. जोडणी उजेडात धरून पाहिली, तेव्हा डीएमएची मागणी आणि होकार नेणाऱ्या दोन रेषा पुढे कुठेच जात नव्हत्या. बनवणाऱ्याने त्या वाचवल्या होत्या. कार्ड म्हणे 'मला डीएमए येते', ते खरेच होते; पण निरोप न्यायला रस्ता नव्हता. कर्नलला सुरू होतानाच 'कॉम्पॅक्ट फ्लॅशला डीएमए नको' असे सांगण्याची खास सोय आहे, म्हणजे ही जोडणी बाजारात आम्हाला एकट्यालाच मिळाली नव्हती. तसे सांगितल्यावर सुरुवातीची ती मिनिटे वाचली. पुढे दोन्ही रेषा असलेली जोडणी मिळाली आणि वेगही आला.

आतापर्यंत तबकडीचा विचार केला नाही, कारण तिचा नंबर शेवटी लागतो. पण लागतो तेव्हा घाई करावी लागते. तबकडीवरचा एखादा खण वाचता येईनासा झाला, की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि त्यात काही सेकंद जातात. बाहेरून दिसतो तो मंदपणाच. केबल आणि तबकडी यांच्यातला दोषी ओळखायला डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदी वाचाव्यात. स्मार्टसीटीएल ही आज्ञा त्या दाखवते. त्यात १९९ क्रमांकाच्या ओळीत सीआरसीच्या चुकांची संख्या असते. ती वाढत असेल तर केबल किंवा जोडणी बदलावी. ही संख्या कधी कमी होत नाही, त्यामुळे नवी केबल घातल्यावर ती वाढायची थांबली का, एवढेच पाहायचे. ५ क्रमांकाच्या ओळीत बदली दिलेले खण असतात आणि १९७ मध्ये संशयित खण. या दोन संख्या वाढत असतील तर वेगाचा विचार सोडून द्यावा आणि प्रथम सगळी माहिती दुसरीकडे उतरवावी. डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली आधी चांगला भाग उतरवून घेते आणि खराब जागांकडे नंतर वळते. आजारी डिस्कवर वेगाच्या चाचण्या पुन्हा पुन्हा चालवणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिने चढायला लावणे.

कधी कधी मंदपणा हा दोषच नसतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो खण वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ९ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ७५ ठिकाणी जाता येते. प्रत्येक ठिकाणी ४ किलोबाइट वाचले, तर सेकंदाला अवघे ३०० किलोबाइट होतात. लहान-लहान हजारो फाइली उतरवताना एवढाच वेग मिळाला, तर कुणालाही दोष देऊ नये. डीएमए लावले म्हणून तबकडी जास्त वेगाने फिरत नाही.

चपट्या केबलची जागा २००३ पासून सिरियल एटीएच्या सात तारांच्या बारीक केबलने घेतली. तिच्यात माहिती असो वा आज्ञा, प्रत्येक पुडक्याला सीआरसीचा ताळा असतो. ताळा नसलेला रस्ता तिथे ठेवलेलाच नाही. चुका वाढल्या की कर्नल तिथेही वेग खाली आणतो, सेकंदाला ३ गिगाबिटवरून दीडवर, आणि तशी ओळ नोंदवहीत लिहितो. तिथेही सीआरसीच्या चुका बहुतेक डिस्कच्या १९९ क्रमांकाच्या ओळीतच मोजल्या जातात.